सरपंचबाईचा नवरा

१७ ऑक्टोबर २०१७, मंगळवार

निवडून आलो. एकशे बारा मतांनी.

तळासरीला मोजणी होती. दुपारी अडीचला चंद्रिकाचं नाव पुकारलं आणि पोरांनी मला उचललं. गुलाल डोळ्यांत गेला, कानांत गेला. ती मागे बायकांच्यात उभी होती, तिच्या कपाळाला जरासा लागला तेवढाच. लडक्या ओरडत होता, 'उमेश सरपंच जिंदाबाद!' कोणी त्याला दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

आठ वर्षं या खुर्चीसाठी फिरलो. एक मयत सोडलं नाही, एक लग्न सोडलं नाही. आणि यंदा सीट बायकांना गेली. आरक्षण निघालं त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. मग तालुक्याचे भाऊ म्हणाले, 'अरे येड्या, बायको कोणाची? सही तिची, डोकं तुझं.' ही डायरीही त्यांनीच दिली. कारभार करायचा तर रोज लिहीत जा म्हणाले.

घरी आल्यावर चंद्रिका म्हणाली, 'मला भीती वाटते रे.' मी म्हटलं, 'मी आहे ना.' ती सातवी शिकलेली, मी बारावी. भीती वाटणारच. आये ओट्यावर सुकट निवडत होती. म्हणाली, 'सून सरपंच झाली, आता भात कोण रांधंल?' सगळे हसलो. पोरगी कविता तर उगाचच नाचत होती. नऊ वर्षांची आहे, तिला काय कळतंय.

आजच्यासारखा दिवस परत येणार नाही.

६ नोव्हेंबर २०१७

पहिली मासिक सभा. मी चंद्रिकाच्या शेजारची खुर्ची घेतली. ग्रामसेवक नवीन आलाय, प्रविण. डहाणू रोडजवळ सरावलीला राहतो, रोज मोटारसायकलने येतो. माणूस नम्र वाटला. पण ठरावाचा कागद मी हात पुढे केला तरी त्यानं तिच्यासमोर ठेवला. म्हणाला, 'वहिनी, आधी वाचा. घाई नाही.' ती बोट ठेवून वाचत बसली. दहा मिनिटं सगळे खोळंबले. मला लाज वाटली.

२१ जानेवारी २०१८

हल्ली ती घरी कागद आणते. भाकरी टाकून झाली की कविताच्या शेजारी बसते. पोरगी शाळेचं वाचते, ही शासनाचं परिपत्रक. अडलं की मला विचारायची. आता म्हणते, 'राहू दे, उद्या प्रविणभाऊंना विचारते, तू दमून आलायस.'

मी उंबरगावच्या कंपनीत पॅकिंगला आहे. पहिली पाळी, तीनला सुटते. दमतो हे खरं. पण एवढाही दमत नाही.

१५ मार्च २०१८

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही.

खालच्या पाड्याच्या पाण्याच्या टाकीचं काम. ते लडक्याला द्यायचं असं माझं त्याच्याशी बोलणं झालं होतं. निवडणुकीत तो माझ्यासाठी राबला, आपल्या माणसाला काम मिळालं तर बिघडलं कुठं? सभेत मी विषय काढला. चंद्रिका म्हणाली, नियमानं जे होईल ते. मी म्हटलं, 'तुला त्यातलं कळत नाही, सही कर.'

ती खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, 'उमेश, तू बाहेर बस. सभेत सदस्यच बसतात. मी येते थोड्या वेळानं.'

सात सदस्य. शिपाई. ग्रामसेवक. सगळ्यांसमोर.

मी बाहेर चिंचेखाली पाऊण तास बसलो. अनोळखी माणूस पाणी मागायला आला तर दारात बसवतात, तसा. लडक्या मोटारसायकलवर होता. नुसता हसला.

वाटेत तिनं माझा हात धरायला पाहिलं. म्हणाली, 'राग नको ना धरू. तसा नियम आहे, मला आत वाईट वाटलं.' मी हात काढून घेतला.

४ एप्रिल २०१८

बीडीओ साहेबांच्या नावानं एक अर्ज लिहिला. खाली सही नाही, 'एक जागरूक ग्रामस्थ' एवढंच. सरपंचबाई कागद न वाचता सह्या करतात, ग्रामसेवक म्हणेल तसं होतं, चौकशी व्हावी. बस. खोटं काय आहे त्यात? तिचं वाईट व्हावं म्हणून नाही लिहिलं. जराशी घाबरली की तिला कळेल, आपलं माणूस कोण. कंपनीतून सुटल्यावर तळासरीच्या पोस्टात टाकला.

२६ एप्रिल २०१८

चौकशीचं पत्र आलं. चंद्रिका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. 'मी काय कोणाचं वाकडं केलं रे?' म्हणाली. मी तिची पाठ थोपटली, डोळे पुसले, सगळं समजावलं. ती माझंच ऐकत होती, मान हलवत होती. दोघं एका ताटात जेवलो.

किती महिन्यांनी घर घरासारखं वाटलं.

११ मे २०१८

चौकशी झाली. विस्तार अधिकारी आले होते. मी म्हटलं, 'मी बोलतो.' तिनं सांगितलं, 'नको, मला विचारतील.' दोन तास एकेक रजिस्टर काढून उत्तरं दिली. साहेब जाताना म्हणाले, 'बाई, तालुक्यात असं दप्तर कमी बघायला मिळतं.'

घरी येताना ती गाणं गुणगुणत होती. मी नाही विचारलं कुठलं.

१८ जून २०१८

आता मी नोंद ठेवतो. तीनला सुटतो, चारच्या सुमाराला फाट्यावर असतो. पंचायतीचं ऑफिस तिथून दिसतं.

मागचा आठवडा: सोमवार, निघाली ५.४०. मंगळवार ५.५५. बुधवारी प्रविण आधी गेला, ५.१५, मोटारसायकलनं नाल्याच्या रस्त्यानं. शुक्रवारी दोघं एकदम बाहेर पडले, ६.१०.

मला फाट्यावर बघितलं की तिचं तोंड फुलतं. लांबूनच हात करते. मनात काही नसेल तर एवढं हसायचं कशाला?

९ ऑगस्ट २०१८

आज आदिवासी दिनाचा कार्यक्रम. स्टेजवर चंद्रिका. मी खाली, पोरांच्या मागे. सूत्रसंचालक म्हणाला, 'सरपंचबाईंचे मिस्टरही उपस्थित आहेत.' नाव नाही घेतलं. त्याला माहीत नव्हतं बहुतेक.

तिनं येताना माझ्यासाठी कागदात बांधून दोन भजी आणली. स्वतःच्या वाटणीची. थंड झाली होती. मी खाल्ली नाहीत. कसला तरी दोष मनात असला की माणूस असं काहीबाही आणतं.

३ ऑक्टोबर २०१८

दुसरा अर्ज.

या वेळी जास्त लिहिलं. ऑफिसची वेळ संपल्यावर सरपंच आणि ग्रामसेवक आत बसतात, अमुक तारखेला सरपंच ५.५५ ला निघाल्या, अमुक तारखेला ६.१० ला दोघं एकत्र निघाले, गावाची अब्रू जाते. लिहिताना मध्येच फाडावासा वाटला. कविता येऊन म्हणाली, 'बाबा, काय लिहितोस?' म्हटलं, 'कंपनीचं.' ती माझ्या पाठीवर रेलून उभी राहिली, तिला एवढं वाचता येतं हे माझ्या ध्यानात आलं आणि मी कागद पालथा केला.

असं काही आहे असं मला खरंच वाटतं का? रोज वेगळं वाटतं. सकाळी नाही वाटत. फाट्यावर उभा राहिलो की वाटतं.

टाकला.

१४ नोव्हेंबर २०१८

परवापासून जमीन हलते आहे. आधी वाटलं लांब कुठं सुरुंग लावलाय. मग भांडी वाजली. लोक घराबाहेर पळाले. आमच्या घराच्या भिंतीला, मी हौसेनं सिमेंटची बांधली त्याच भिंतीला, चीर पडलीय. चंद्रिका पाड्यापाड्यानं फिरतेय.

मी लडक्याला अर्जाबद्दल सांगितलं. मी लिहिला असं नाही सांगितलं. 'असा एक अर्ज कोणीतरी टाकलाय म्हणे,' एवढंच, आणि टाकण्याआधी काढून ठेवलेली झेरॉक्स दाखवली. पंचायत समितीत ओळखीचा आहे, त्यानं दिली म्हटलं. ताडी प्यायलो होतो. त्यानं मोबाईलमध्ये फोटो काढला तेव्हा मी 'काढू नको' म्हणालो होतो. मला वाटतं म्हणालो होतो.

२० नोव्हेंबर २०१८

अर्जाचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय.

चंद्रिका नेहमीसारखी ऑफिसात गेली, आली. मग मला म्हणाली, 'तुझा तर नाही ना विश्वास?' मी म्हटलं, 'लोक बोलतात, मी काय करू?'  वाटलं, आता सांगावं. पण सांगणार काय? तिला काय म्हणून सांगायचं?

२ डिसेंबर २०१८

जमीन थांबत नाही. सगळा पाडा अंगणात झोपतो. चंद्रिकानं पंचायतीजवळच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून ताडपत्री टाकली. म्हणाली, इथं राहिलं की लोकांना मी लगेच सापडते. कविता तिच्याबरोबर. मी आणि आये आमच्या अंगणात. ठीक आहे, सगळेच वेगवेगळे पसरलेत सध्या.

नाक्यावर लडक्या आणि दोघं होते. लडक्या म्हणाला, 'उमेश, तुझ्या जागी मी असतो तर एव्हाना त्याचा निकाल लावला असता. तू गडी हायस का कोण?' सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसायचा प्रयत्न केला. लडक्या म्हणाला, 'तू नको काय करू. नुसतं सांग, तो जातो किती वाजता.'

माझ्याकडे लिहिलेलंच होतं.

मी सांगितलं. बुधवारी लवकर निघतो. सव्वापाच. नाल्याच्या रस्त्यानं.

त्याला दम देणार आहेत फक्त. बदली मागून जाईल, संपेल सगळं.

१२ डिसेंबर २०१८, बुधवार

आज दुसरी पाळी मागून घेतली. मी कंपनीत होतो. रजिस्टरला सही आहे.

१३ डिसेंबर २०१८

नुसता दम नाही दिला.

१६ डिसेंबर २०१८

डहाणूला दवाखान्यात जाऊन आलो. नाही गेलो तर संशय येईल म्हणून गेलो. खरं ते लिहितो.

प्रविणचा उजवा डोळा गेला. पायात रॉड घालावा लागणार आहे. तोंड ओळखू येत नव्हतं. बायको संगिता उशाशी, चंद्रिका बाकावर. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मला बघून त्यानं हात पुढे केला. मी धरला. काय करणार. म्हणाला, 'उमेशभाऊ, त्या अर्जावर विश्वास नका ठेवू. वहिनी मला बहिणीसारख्या. घरी भांडण नका करू माझ्यामुळे.' त्या एका डोळ्यातून पाणी येत होतं. हात सोडतच नव्हता.

बाहेर येऊन मी एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. तीन गाड्या सोडल्या. चौथीत बसलो.

१५ जानेवारी २०१९

आज संक्रांत. दुपारी चंद्रिका घरी आली. किती दिवसांनी. मला वाटलं तीळगूळ द्यायला आली. आयेला दिला, मग म्हणाली, 'बाहेर चल.'

विहिरीजवळ उभे राहिलो. तिच्या हातात दोन कागद होते. पोलिसांनी दोन्ही मूळ अर्जांच्या प्रती सरपंच म्हणून तिच्याकडे अक्षर ओळखायला दिल्या होत्या.

म्हणाली, 'अक्षर वाकडं काढलंयस, ते ठीक. पण वाच काय लिहिलंस. सहा वाजून दहा मिनिटांनी निघाल्या. पाच पंचावन्नला निघाल्या. घड्याळ लावून माझ्याकडे बघणारं माणूस या गावात एकच आहे रे.'

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

ती रडली नाही. मला वाटत होतं रडेल. म्हणाली, 'कंपनीतनं दमून येतो आणि तरी फाट्यावर माझी वाट बघतो. मी सगळ्यांना सांगायची. शेजारची ठकी म्हणायची, तुझ्यासारखं नशीब नाही कोणाचं. मी ऑफिसातलं काम पटापट उरकायची, तू उभा आहेस म्हणून.'

 विहिरीवर बायका आल्या, हंडे भरून गेल्या.

मी म्हटलं, 'चुकलं. माफ कर.'

'मला माफी नको. संगिताताई मी गेले की मान खाली घालते. एवढं झालं तरी तिच्या मनात ते राहिलंय. तेवढं काढून दे. सव्वीस तारखेला ग्रामसभा आहे. उभा राहा आणि सांग.'

'मला आत टाकतील.'

'टाकतील,' ती म्हणाली.

२३ जानेवारी २०१९

लडक्या येऊन गेला. त्याला वास लागलाय. म्हणाला, 'तू तोंड उघडलंस तर आम्ही सगळे जाऊ. आणि मग तू काय राहशील? बायकोनं उघडा पाडलेला माणूस.' आयेला ऐकू गेलं असावं. ती चूल फुंकत राहिली.

पळून जायचा विचार केला. वापीला कोणी विचारत नाही. पिशवीही भरली. कविताचा शाळेतला फोटो टाकायला गेलो तर तो भिंतीवर नव्हता. चंद्रिका घेऊन गेली होती.

२६ जानेवारी २०१९

झेंडावंदनानंतर मैदानातच ग्रामसभा. शाळेत बसायला लोक घाबरतात. दोनशेवर माणूस असेल. संगिता आली होती. प्रविणला गाडीतून आणलं होतं, डोळ्यावर पट्टी. लडक्या मागे झाडाला टेकून.

चंद्रिका टेबलामागे. तिच्या शेजारी नवीन आलेला ग्रामसेवक, इतिवृत्ताची वही उघडून. ताडपत्र्यांचा विषय झाला, शाळा उघड्यावर भरवायचा झाला. मग ती म्हणाली, 'कोणाला काही बोलायचं आहे?'

मी उठलो.  म्हटलं, 'गैरसमजातून माझ्याकडून एक...'

'गैरसमज नाही,' ती म्हणाली. आवाज चढवला नाही. 'काय लिहिलं ते सांगा.'

सांगा. तेरा वर्षं संसार केला, एकदाही मला अहो-जाहो केलं नव्हतं तिनं. भांडणातही नाही. आज गावातल्या कुठल्याही माणसाशी बोलावं तशी माझ्याशी बोलली.

मी सांगितलं. दोन्ही अर्ज मी लिहिले. त्यातलं एकही अक्षर खरं नाही. फोटो लडक्याला काढू दिला. बुधवार आणि सव्वापाच मी सांगितलं. का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोलणार होतो, तेही ठाऊक नाही. चिंचेखाली पाऊण तास बसवलं होतं म्हणून? एवढ्यासाठी माणसाचा डोळा जातो?

 तेवढ्यात जमीन हलली. लहानसाच धक्का, पोरं किंचाळली, लोक उभे राहिले. ती बसूनच राहिली. थांबल्यावर ग्रामसेवकाला म्हणाली, 'उमेश चिमण धोडी यांनी जे सांगितलं ते शब्दाला शब्द लिहून घ्या.' त्यानं लिहिलं. मग तिनं पान पालटलं.

'पुढचा विषय. खालच्या पाड्याचं पाणी.'

संगिता उठून पुढं गेली आणि टेबलाजवळ खाली बसली. चंद्रिकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून सभा चालवली.

संध्याकाळी मीच चौकीत गेलो.

१६ एप्रिल २०१९

जामिनावर सुटलो. डायरी आयेनं जपून ठेवली होती. तिला वाचता येत नाही.

कंपनीनं काढलं. लडक्या अजून आत आहे. नाक्यावर कोणी काही म्हणत नाही. चहा देतात, पैसे घेतात. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं.

२ मे २०१९

सोमवारी मतदान झालं. लोकसभेचं. सगळ्यांच्या बोटांना शाई. रांगेत कविता दिसली, आईबरोबर आली होती. उंच झालीय. मी हाक मारली. तिनं आधी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली, जा म्हणून. तरी ती आली नाही.

पोरीला मी कधी एक चापट मारली नाही.

१९ मे २०१९

धक्के कमी झालेत. लोक एकेक करून घरात जायला लागले. ताडपत्र्या घड्या करून माळ्यावर टाकल्या. मला वाटत होतं तीही आता आवरायला घेईल. घरातली चीर मी सिमेंटनं बुजवली, चुना दिला. कविताची सतरंजी उन्हात टाकून आणली.

दुपारी तिकडून गेलो तर ती ताडपत्री उतरवत होती.  जवळ गेलो तर मागे कारवीच्या काड्यांचे भारे दिसले. ठकी आणि चार बायका कूड बांधत होत्या. घर घालत होत्या.

रूपी माझ्या चुलतभावाची बायको. तिला मी विचारलं, 'हे कोणासाठी?'

तिनं हातातलं काम थांबवलं नाही. 'सरपंचबाईसाठी. कुडाचं घर हललं तरी अंगावर पडत नाही, म्हणून सांगते लोकांना.' मग जरा थांबून म्हणाली, 'तूही तेच सांग.'

म्हणजे डिसेंबरपासून ती घर सोडून गेलेलीच होती का? की संक्रांतीला? सगळा गाव बाहेर झोपत होता. मला कळलं कसं नाही?

२६ मे २०१९

आयेनं सकाळी आपलं गोधडं गुंडाळलं. लुगडी दोन, पानाचा डबा, तिची ती सुकट निवडायची पाटी. मला वाटलं उन्हात टाकायला काढलंय.

'कुठं चाललीस?'

'सुनेकडं. तिला सकाळी तळासरीला जावं लागतं मीटिंगला. पोरीला कोण बघंल?'

'ती बोलावते तुला?'

'ती कशाला बोलावंल. मी विचारलं. ये म्हणाली.'

मी उंबऱ्यात उभा होतो. वाट अडवून नाही, नुसता उभा. म्हटलं, 'आये, आणि मी?'

तिनं गोधडं डोक्यावर नीट घेतलं. म्हातारीची मान थोडी हलली, मग सावरली. माझ्याकडे बघितलं ते रागानं नाही. लहानपणी ताप आल्यावर बघायची तसं.

'तू गडी मानूस,' म्हणाली. 'तू राहशील.'

मी बाजूला झालो. तिला शेतातल्या बांधापर्यंत पोचवायला गेलो असतो, पण नको म्हणाली.